रस्त्यावरील वृद्ध चेहरा आणि छायाचित्राची मालकी : मुंबई-पनवेल परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

पनवेलच्या उरण नाक्यावरील बाजारात, कोळीवाड्याच्या तोंडाशी, एस. टी. स्थानकाच्या बाकांवर आणि वडाळे तलावाच्या काठी सकाळ-संध्याकाळ वृद्ध माणसे बसलेली आढळतात. कुणी भाजीचे चार वाटे मांडून, कुणी नातवाची वाट पाहत, तर कुणी केवळ वेळ जावा म्हणून. डिजिटल कॅमेरा आणि त्यामागोमाग कॅमेरा असलेला मोबाइल सर्वसामान्यांच्या हाती आल्यापासून हे चेहरे त्यांच्या नकळत टिपले जाण्याचे प्रमाण वाढले आहे. सुरकुत्या, पांढरी दाढी, जाड भिंगाचा चष्मा, कपाळावरचे मोठे कुंकू ही हौशी छायाचित्रकारांची आवडती सामग्री होय. या प्रकाराला छायाचित्रणाच्या परिभाषेत ‘कँडिड’ म्हणतात. ज्याचे चित्र घेतले जाते त्याने चित्रासाठी कोणतीही पूर्वतयारी केलेली नाही, एवढाच या शब्दाचा मूळ आशय आहे.

या छायाचित्रांची चर्चा बहुधा सौंदर्याच्या अंगाने होते. चेहरा किती बोलका आहे, प्रकाश कसा पडला आहे, क्षण नेमका साधला आहे की नाही, हे पाहिले जाते. प्रस्तुत लेखात मात्र एक वेगळा प्रश्न विचारात घेतला आहे. वृद्ध माणसाचा छायाचित्रातील चेहरा कोणाच्या मालकीचा मानला गेला आणि ही मालकी काळाच्या ओघात कोणाकडून कोणाकडे गेली, हा तो प्रश्न होय. पनवेलपुरता तो तपासायचा झाल्यास आधी मुंबईकडे वळणे क्रमप्राप्त आहे. या परिसरात कॅमेरा मुंबईमार्गे आला, आणि १८३० मध्ये बोरघाटाचा रस्ता खुला झाल्यानंतर मुंबईहून पुण्यास जाणारा प्रवासी होडीने पनवेल बंदरात उतरूनच पुढे जात असे.

चिकटवलेला रस्ता

१८३९ मध्ये युरोपात जाहीर झालेले छायाचित्रणाचे तंत्र वर्षभरातच हिंदुस्थानात पोहोचले. १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या आरंभीच्या हिंदी सदस्यांपैकी एक होत. हरिश्चंद्र चिंतामण यांनीही याच काळात मुंबईत व्यावसायिक छायाचित्रकार म्हणून नाव मिळविले. म्हणजे कॅमेरा सर्वस्वी परक्यांच्या हाती होता असे म्हणता येणार नाही. तथापि सामान्य माणसाच्या चेहऱ्याकडे पाहण्याची जी रीत रूढ झाली, ती प्रामुख्याने वसाहतकालीन वर्गीकरणाच्या गरजेतून आली.

विल्यम जॉन्सन यांचा मुंबईतील जातीजमातींविषयीचा ग्रंथ या दृष्टीने विशेष अभ्यसनीय आहे. १८६३ आणि १८६६ मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथात मुंबईत राहणाऱ्या व येणाऱ्या विविध समाजांतील स्त्रीपुरुषांची छायाचित्रे असून त्याचा दुसरा खंड महाराष्ट्राविषयी आहे. चित्रे पाहताना माणसे रस्त्यावर, देवळासमोर किंवा घाटावर उभी असल्याचा भास होतो. प्रत्यक्षात त्यांतील बहुतेक माणसांची छायाचित्रे चित्रशाळेत घेतलेली होती. उघड्यावर घेतलेली पार्श्वभूमीची छायाचित्रे वेगळी होती, आणि दोन्हींचा मेळ नंतर घालण्यात आला होता. या शहराच्या छायाचित्रणाच्या इतिहासातील ‘रस्त्यावरच्या माणसा’चा एक आद्य नमुना असा बनावट आहे. माणूस खरा, रस्ताही खरा. त्यांची भेट तेवढी खोटी.

याला तांत्रिक कारण होते. १८५१ मध्ये प्रचारात आलेल्या ओल्या कोलोडियनच्या पद्धतीत काच ओली असतानाच चित्र घेऊन ते लगोलग धुवावे लागे आणि समोरच्या व्यक्तीला काही सेकंद निश्चल राहावे लागे. मान स्थिर राहावी म्हणून पाठीमागे लोखंडी आधार लावण्याची प्रथा होती. कंप सुटलेल्या हातांच्या, मान हलणाऱ्या वृद्धांसाठी ही शिक्षाच म्हटली पाहिजे. मात्र केवळ तंत्राकडे बोट दाखवून भागत नाही. जॉन्सनच्या ग्रंथात आणि त्यानंतर १८६८ ते १८७५ या काळात वॉटसन व के यांनी आठ खंडांत संपादित केलेल्या ‘द पीपल ऑफ इंडिया’ या सरकारी प्रकल्पात चित्राखाली जे नाव येते ते बहुधा माणसाचे नसते. ते जातीचे, पंथाचे किंवा धंद्याचे असते. वृद्ध माणूस या चित्रांत येतो तो आपल्या समाजाचा नमुना म्हणून. त्याचे वय हेही त्याच्या पागोट्यासारखे किंवा काठीसारखे एक लक्षण ठरते. चित्राची प्रत त्याला मिळण्याचा प्रश्नच उद्भवत नव्हता.

भिंतीवरची तसबीर

याच्या अगदी उलट दिशेने जाणारी दुसरी परंपरा मराठी घरांतून वाढली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शहरांतून फोटोचे स्टुडिओ निघाले. विसाव्या शतकात ते तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचले. घरातील कर्त्या वृद्धाचा फोटो काढणे हा एक लहानसा समारंभच असे. धुतलेले धोतर, कोट, पगडी किंवा टोपी; आजीच्या अंगावर ठेवणीतले लुगडे, नाकात नथ; मागे रंगवलेला पडदा आणि शेजारी नक्षीची तिवई. फोटो काढल्याने आयुष्य उणे होते ही समजूत अनेक घरांत होती, आणि म्हणूनच तो पुष्कळदा फार उशिरा, वार्धक्यातच काढला जाई. मृत्यूनंतर तोच फोटो मोठा करून, पुनःस्पर्श करून, कधी हाताने रंगवून चौकटीत बसविला जाई आणि त्याला चंदनाचा हार घातला जाई. ‘तसबीर’ हा शब्द मराठीत या अर्थाने चांगलाच स्थिरावला.

या तसबिरींतील चेहरे ताठ आणि निर्विकार असतात म्हणून कलासमीक्षकांनी त्यांच्याकडे काहीसे दुर्लक्षच केले. परंतु त्या ताठरपणातच एक निर्णय आहे. आपण पुढच्या पिढ्यांना कसे दिसावे हे त्या वृद्धाने, निदान त्याच्या घराने, स्वतः ठरविलेले आहे. कायद्यानेही पुढे याला मान्यता दिली. १९५७ च्या भारतीय कॉपीराइट कायद्यातील कलम १७ नुसार मोबदला देऊन, सांगून काढवून घेतलेल्या छायाचित्राचा प्रथम मालक, अन्यथा करार नसल्यास, ते काढवून घेणारी व्यक्ती असते. रस्त्यावर आपण होऊन टिपलेल्या चित्राला हे लागू होत नाही. तेथे स्वतंत्रपणे काम करणारा छायाचित्रकारच मालक, आणि हा हक्क त्याच्या मृत्यूनंतरही साठ वर्षे टिकतो. स्टुडिओतून रस्त्यावर येताना केवळ चित्राची शैली बदलली नाही. चेहऱ्याची मालकी कॅमेऱ्याच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे गेली. या बदलाची नोंद छायाचित्रणाच्या इतिहासात जितकी व्हावयास हवी होती तितकी झालेली दिसत नाही.

लहान कॅमेरा, लपलेला कॅमेरा

कोरड्या काचा, १८८८ मधील कोडॅकचा सुटसुटीत कॅमेरा आणि १९२५ मध्ये बाजारात आलेला लायका यांमुळे छायाचित्रकार चित्रशाळेतून मोकळा झाला. जर्मनीत एरिक सालोमन यांनी परिषदा आणि न्यायालये यांतून टिपलेल्या चित्रांच्या संदर्भात १९३० च्या आसपास लंडनच्या ‘ग्राफिक’ नियतकालिकामुळे ‘कँडिड कॅमेरा’ हा शब्दप्रयोग रूढ झाला. सालोमन यांचे विषय मुत्सद्दी आणि मंत्री होते, म्हणजे बलवान माणसे. रस्त्यावरच्या दुर्बळांच्या बाबतीत मात्र ही पद्धत आरंभापासूनच एका नैतिक अडचणीत सापडलेली होती.

पॉल स्ट्रँड यांनी १९१६ मध्ये न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर टिपलेली व्यक्तिचित्रे या प्रकारातील पायाभूत मानली जातात. समोरच्याला संशय येऊ नये म्हणून त्यांनी कॅमेऱ्याच्या बाजूला खोटे भिंग बसविले होते. कॅमेरा एकीकडे रोखलेला वाटे, चित्र दुसरीकडचे निघे. यांतील सर्वांत गाजलेले चित्र गळ्यात ‘अंध’ अशी पाटी अडकवलेल्या एका फेरीवाल्या स्त्रीचे आहे. जिला कॅमेरा दिसूच शकत नव्हता, तिच्यासाठी खोट्या भिंगाची गरजही नव्हती. वॉकर इव्हान्स यांनी १९३८ ते १९४१ या काळात न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत कोटाखाली कॅमेरा लपवून प्रवाशांचे चेहरे टिपले. पण ती चित्रे पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली १९६६ मध्ये. हा पाव शतकाचा विलंब पुरेसा बोलका आहे.

सेवाग्राम आणि पुणे : अटी घालणारा वृद्ध

नकळतपणा आणि संमती या परस्परविरोधी गोष्टी आहेत, एक हवी तर दुसरी सोडावी लागते, असे सर्रास गृहीत धरले जाते. महाराष्ट्रातच घडलेले एक उदाहरण हे गृहीतक मोडून काढते, आणि त्याची चर्चा या संदर्भात फारशी होत नाही याचे आश्चर्य वाटते.

गांधीजी १९३६ मध्ये वर्ध्याजवळच्या सेवाग्रामला राहावयास गेले तेव्हा त्यांनी वयाची पासष्टी ओलांडली होती. त्यांचे पुतणे नारणदास गांधी यांचे चिरंजीव कनू गांधी तेथे आश्रमाच्या कामात होते. आजोबांची छायाचित्रे घेण्याची त्यांना इच्छा झाली. कॅमेऱ्यासाठी आश्रमाचा पैसा मिळणार नाही हे गांधीजींनी स्पष्ट केले. तेव्हा घनश्यामदास बिर्ला यांनी दिलेल्या शंभर रुपयांतून कनूंनी कॅमेरा घेतला. गांधीजींनी परवानगी दिली ती तीन अटींवर. प्रखर झगझगाटाचा दिवा वापरायचा नाही, गांधीजी चित्रासाठी कधीही विशिष्ट पवित्रा घेऊन बसणार नाहीत, आणि या कामाचा खर्च आश्रम सोसणार नाही.

या अटींचा बारकाईने विचार केल्यास दुसरी अट लक्ष वेधून घेते. चित्र कृत्रिम होऊ नये ही मागणी येथे छायाचित्रकाराची नाही, ती समोरच्या वृद्धाची आहे. संमती एकदाच, सर्वकाळासाठी दिलेली. पवित्रा मात्र एकदाही नाही. कनू गांधींच्या दशकभराच्या कामात चालणारा, वाचणारा, रुग्णाची शुश्रूषा करणारा, थकलेला म्हातारा माणूस दिसतो तो या करारामुळे. कमी प्रकाशामुळे त्यांतील कित्येक चित्रे दाणेदार किंवा धूसर आली आहेत. अटीची ती किंमत होती आणि छायाचित्रकाराने ती मोजली.

दुसरा प्रसंग पुण्याचा आहे. १९४६ मध्ये ‘लाइफ’ साप्ताहिकाच्या मार्गारेट बर्क-व्हाइट गांधीजींचे चित्र घेण्यास आल्या, तेव्हा चरख्यासह चित्र हवे असेल तर आधी चरखा शिका, असे त्यांना आश्रमीयांकडून सांगण्यात आले. त्या शिकल्या. गांधीजींना झगझगाट सहन होत नसल्याने त्यांना फ्लॅशचे अवघे तीन दिवे वापरण्याची मुभा मिळाली, आणि पहिले दोन प्रयत्न फसल्यावर तिसऱ्या दिव्यात ते जगप्रसिद्ध चित्र मिळाले, अशी हकीकत त्यांनीच सांगितली आहे. शहात्तर वर्षांच्या माणसाचे चित्र घ्यायचे तर त्याच्या कामाची तोंडओळख हवी, ही अट म्हणजे लहर नव्हे. छायाचित्रकार आणि वृद्ध यांच्यात काहीतरी देवाणघेवाण व्हावी, ही तीमागील अपेक्षा होती.

हे खरे की, अटी घालणारा हा वृद्ध सामान्य नव्हता. उरण नाक्यावर शेवग्याच्या शेंगा विकणाऱ्या आजीकडे अटी घालण्याचे सामर्थ्य कोठून येणार, असा आक्षेप रास्तच आहे. पण या आक्षेपातून निघते ते एवढेच की, जेथे सामर्थ्य नाही तेथे जबाबदारी कॅमेरा धरणाऱ्याकडे सरकते.

मुंबईचे रस्ते : आतून पाहणे

होमाई व्यारावाला (१९१३–२०१२) यांचे आरंभीचे काम मुंबईतले. ‘इलस्ट्रेटेड वीकली’मध्ये त्यांची कित्येक चित्रे पती माणेकशा यांच्या नावाने छापली गेली. १९४२ मध्ये त्या दिल्लीला गेल्या आणि राष्ट्रीय घडामोडींच्या छायाचित्रकार म्हणून ख्यातनाम झाल्या. १९७० च्या सुमारास त्यांनी कॅमेरा कायमचा खाली ठेवला. नव्या छायाचित्रकारांच्या वर्तनातील शिस्त आणि अदब लोपल्याची खंत त्यांनी त्यामागील कारण म्हणून बोलून दाखविली. उत्तरायुष्यात वडोदऱ्यात एकट्या राहणाऱ्या व्यारावाला स्वतःच इतरांच्या कॅमेऱ्याचा विषय झाल्या, हा योगायोग नोंदविण्यासारखा आहे.

वृद्धांच्या अनौपचारिक व्यक्तिचित्रांच्या दृष्टीने सर्वाधिक महत्त्वाचे काम सूनी तारापोरवाला यांचे ठरते. १९७७ पासून त्यांनी मुंबईची छायाचित्रे घेण्यास प्रारंभ केला. आपल्या एकत्र कुटुंबातील वडीलधाऱ्यांपासून सुरुवात करून त्या पारशी बागा, अग्यारीचा परिसर, लग्नाचे मांडव आणि रस्ते यांपर्यंत गेल्या. या कामाचा ग्रंथ २००० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील वृद्धांची संख्या हा कलावंताच्या आवडीचा भाग नाही. २००१ च्या जनगणनेत देशभरातील पारशांची संख्या ६९,६०१ होती आणि त्यांतील सुमारे ३१ टक्के साठी ओलांडलेले होते. २०११ मध्ये ही संख्या ५७,२६४ वर आली. ज्या समाजात रस्त्यावर दिसणारी तिसरी व्यक्ती वृद्ध आहे, त्याचे प्रामाणिक चित्रण वृद्धांचेच होणार. येथे छायाचित्रकार घरची आहे. समोरची म्हातारी तिला नावाने ओळखते, नको तेव्हा नको म्हणू शकते, आणि चित्र कोठे छापले जाईल हेही तिला विचारता येते. जॉन्सनच्या ‘नमुन्या’पासून हे अंतर फार मोठे आहे, आणि ते तंत्रज्ञानाने नव्हे, नात्याने तोडलेले आहे. मराठीत संदेश भंडारे यांनी वारी आणि तमाशा यांवर केलेल्या दीर्घ कामाचाही उल्लेख येथे आवश्यक आहे. तेथेही परिचय आधी आणि चित्र नंतर हाच क्रम जाणवतो.

कायदा या नात्याची जागा घेऊ शकत नाही. फिलिप-लोर्का डीकोर्शिया यांनी न्यूयॉर्कच्या टाइम्स चौकात टिपलेले आपले चित्र विनापरवानगी विकले गेले म्हणून एका धर्मनिष्ठ, वृद्ध ज्यू गृहस्थाने दावा लावला होता. २००६ मध्ये न्यायालयाने कलाभिव्यक्तीच्या बाजूने निर्णय दिला. पुढे अपिलातही तो मुदतीच्या मुद्द्यावर फेटाळला गेला. भारतात सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपण हा मूलभूत हक्क असल्याचे मान्य केले. ती याचिका २०१२ मध्ये दाखल करणारे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी त्या वेळी ऐंशी ओलांडलेले होते. मात्र त्या निकालातून बाजारातल्या वृद्धेला तिच्या फोटोबाबत सहज वापरता येईल असे साधन हाती आले, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल.

पनवेल : चेहऱ्यामागील बदलणारे गाव

१८५२ मध्ये नगरपालिका लाभलेले पनवेल हे या भागातील जुने नागरी केंद्र. १८४९ मध्ये बांधलेले बेने इस्रायल समाजाचे बेथ एल सिनेगॉग, कोळीवाडा, मिरची गल्ली, लाइन आळी आणि आसपासची आगरी गावे यांचे मिळून हे शहर बनले. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली. ठाणे, पनवेल आणि उरण परिसरातील ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी संपादित करण्याचे ठरले. १९८४ च्या जानेवारीत जासई परिसरातील शेतकरी आंदोलनावर झालेल्या गोळीबारात पाच जणांचे बळी गेले. त्या वेळी पंचविशीत असलेली पिढी आज साठीच्या पलीकडे आहे. पनवेल शहराची लोकसंख्या २००१ मध्ये सुमारे १ लाख ४ हजार होती, ती २०११ मध्ये १ लाख ८० हजारांवर गेली. २०१६ मध्ये महानगरपालिका झाली. नवी मुंबई विमानतळासाठी तालुक्यातील दहा गावठाणे हलविण्यात आली आणि ८ ऑक्टोबर २०२५ रोजी त्या विमानतळाचे उद्घाटन झाले.

या पार्श्वभूमीवर पनवेलच्या रस्त्यावर टिपलेल्या वृद्धाच्या चित्राला दस्तऐवजाचे मूल्य येते. काष्ट्याचे लुगडे नेसलेल्या आगरी स्त्रीच्या पाठीमागे ओटा आहे की इमारतीचे बांधकाम, टोपलीत खाडीची मासळी आहे की घाऊक बाजारातून आणलेली, बसावयास पार उरला आहे की फक्त दुकानाची पायरी, हे सारे इतिहासाच्या अभ्यासकाला हवे असते. पण असे चित्र दस्तऐवज म्हणून वापरायचे तर त्याला किमान नाव, गाव आणि तारीख लागते. जुन्या स्टुडिओच्या फोटोमागे शिक्का आणि पेन्सिलीने लिहिलेले नाव तरी सापडे. आजच्या डिजिटल चित्रासोबत शटरचा वेग आणि सेकंदापर्यंतची वेळ आपोआप नोंदली जाते. व्यक्तीचे नाव विचारल्याशिवाय कळत नाही. परिणामी ‘वृद्ध कोळीण’, ‘आगरी आजोबा’, ‘विचारमग्न वार्धक्य’ अशी शीर्षके घेऊन ही चित्रे प्रदर्शनांतून फिरतात. १८६६ च्या ग्रंथातील चित्राखालच्या ओळीशी असलेले त्यांचे साम्य अस्वस्थ करणारे आहे.

बाजारातील वृद्धा याबाबत अगदीच असहाय असते असेही समजू नये. ती पदर पुढे ओढते, पाठ फिरवते, किंवा आधी माल घ्या आणि मग काय ते करा, असे सुनावते. सेवाग्रामची आणि पुण्याची अट ती आपल्या भाषेत घालतच असते. तिचे म्हणणे ऐकून पावशेर मासळी घेणारा आणि पुढल्या आठवड्यात छापील प्रत हाती देणारा छायाचित्रकार विरळा, एवढेच.

छापील प्रतीचे महत्त्व पनवेलच्या संदर्भात अधिक आहे. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत गाढी नदीला पूर येऊन शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला. बेथ एल सिनेगॉगमध्येही पाणी शिरले. भिंतीवरच्या तसबिरी आणि पत्र्याच्या पेटीतले फोटो अशा पाण्यात टिकत नाहीत. गावठाणे हलविताना जे सामान मागे राहते त्यातही ते असतात. १९९३ पासून आलेली मतदार ओळखपत्रे आणि २०१० मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली येथून सुरू झालेले आधार यांमुळे घरातल्या वृद्धाचा निदान एक फोटो सरकारदरबारी असतो. आजी किंवा आजोबा गेल्यानंतर दुसरा फोटो सापडत नाही म्हणून ओळखपत्रावरचा तो नखाएवढा चेहरा फोटोच्या दुकानात नेऊन मोठा करून घेतात. मागची पार्श्वभूमी निळी करतात, कपाळावर कुंकू रेखून घेतात आणि हार घालून भिंतीवर लावतात. त्याच आजीचे बाजारात टिपलेले एखादे सुंदर चित्र कुणाच्या तरी संग्रहात असू शकते. घराला त्याचा पत्ता नसतो.